लॅपटॉप चालूच होत नाही: कोकणातल्या घरात तपासणी कोणत्या क्रमाने करावी

मालवणात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पावसाळ्यात येणारा लॅपटॉप पुष्कळदा दोनदा बिघडलेला असतो. पहिल्यांदा तो आपला आपण बिघडतो, दुसऱ्यांदा त्याला चालू करण्याच्या धडपडीत. पडवीत शिंतोडे उडालेला लॅपटॉप वरवर पुसून लगेच चार्जरला लावलेला असतो, शेजारच्या घरातला चार्जर पिन बसली म्हणून खुपसलेला असतो, आणि बटण तर कितीदा दाबून झालं याची मोजदाद नसते. चार्जर बदलून पाहणं, बटण दाबून धरणं हे खरे उपाय आहेत. पण ते चुकीच्या वेळी केले तर पाचशे रुपयांत निभावणारं काम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, जातं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा आणि ज्या टप्प्यावर लॅपटॉप चालू झाला तिथे थांबा.

तयारी

ढगांचा गडगडाट चालू असेल तर तपासणी उद्यावर टाका. कोरडं टेबल घ्या, खाली जाड सुती कापड अंथरा. हाताशी हे असू द्या: दुसरं एखादं चालू उपकरण (टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर), टॉर्च, कागद-पेन, शून्य नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, आणि मिळाला तर साधा मल्टिमीटर. लॅपटॉप उलटा करून मॉडेलचं नाव आणि चार्जरवरच्या छापील आकड्यांचा फोटो काढून ठेवा. वॉरंटी शिल्लक आहे का तेही आत्ताच बघा. असेल तर सातव्या टप्प्याला हात लावायचा नाही.

कागदावर एकच गोष्ट लिहा: शेवटचा चालू होता तेव्हा काय घडलं? लाईट गेली-आली, पडला, पाणी सांडलं, अपडेट चालू होतं, का महिनोन्महिने बंद घरात पडून होता? निम्मा शोध या एका ओळीत लागतो, आणि दुकानात गेल्यावर नेमकी हीच ओळ लोकांना आठवत नाही.

१. आधी ओल तपासा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि समुद्रकाठी तोच सर्वांत महत्त्वाचा.

ओल म्हणजे फक्त सांडलेला चहा नव्हे. खिडकीतून आलेली पावसाची झड, बॅगेत शेजारी ठेवलेली ओली छत्री, कौलातून गळलेले चार थेंब, हे सगळं ओलीतच धरा. होमस्टेच्या एसी खोलीतला गार लॅपटॉप उचलून थेट दमट पडवीत आणला तर गार धातूवर दव धरतं, तसं त्याच्या आतही धरू शकतं. बाहेर आणायचाच असेल तर बंद बॅगेत तास-दोन तास राहू द्या आणि मग उघडा.

ओल असल्याचा जरासाही संशय आला तर:

भिंतीवरचं बटण कोरड्या हाताने बंद करा आणि चार्जर काढा. लॅपटॉपचा एखादा दिवा अजून लागत असेल तर पॉवर बटण दहा सेकंद धरून तो पूर्ण बंद करा. त्यानंतर बटणाला हात लावू नका. पेन ड्राइव्ह, माउस, नेटची केबल काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. लॅपटॉप शक्य तितका उघडून, कीबोर्ड खाली येईल असा तंबूसारखा उलटा ठेवा.

घाई का करायची नाही, ते समजून घ्या. पाण्यात मीठ असलं की ते वीज वाहून नेतं, आणि वीज चालू असताना त्या पाण्यात बोर्डावरचं तांबं विरघळायला लागतं. नुसत्या ओलीने जे नुकसान व्हायला दिवस लागतात, ते वीज चालू असताना काही मिनिटांत होतं. लॅपटॉप बंद दिसला तरी आतल्या बॅटरीमुळे बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. म्हणून ज्यांची बॅटरी आत स्क्रूने बसवलेली आहे त्यांनी दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन फक्त बॅटरी सोडवून घ्यावी. पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

सुकवण्याबद्दल तीन चुका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ आतली ओल ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये बसते. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका आणि चुलीजवळ ठेवू नका, प्लास्टिक आणि बॅटरी दोन्ही बिघडतात. आणि जुलैत उघड्या खोलीत ठेवून ‘दोन दिवसांत सुकेल’ असं समजू नका. जिथे दोरीवरचे कपडे सुकत नाहीत तिथे बंद पत्र्याखालचा बोर्ड कसा सुकणार? एसी ‘ड्राय’वर लावलेली खोली, नाहीतर सिलिका जेलची भरपूर पाकिटं टाकलेला घट्ट झाकणाचा डबा, हे खरे उपाय. साध्या पाण्याचे थेंब असतील तर किमान ४८ तास द्या.

> इशारा: समुद्राचं पाणी, खाडीचं पाणी किंवा पुराचं पाणी लागलं असेल तर सुकवणं हा उपायच नाही. पाणी उडून जातं, मीठ आणि गाळ बोर्डावर राहतात. पुढच्या दमट हवेत तेच मीठ पुन्हा ओल धरतं. असा लॅपटॉप उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावाच लागतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेलं मशीन घरी चालू करून बघूच नका. त्यातला डेटा वाचवणं हे पहिलं काम, मशीन वाचवणं त्यानंतरचं.

२. लक्षण नीट ओळखा

‘चालू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड लपलेले असतात.

चार्जर लावून पॉवर बटण एकदा दाबा आणि तीस सेकंद फक्त बघा, ऐका. एकही दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही: हा पूर्ण मृत लॅपटॉप. तिसऱ्या टप्प्याकडे जा. दिवा लागतो, पंखा फिरतो, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो, पण पडदा काळा: हा चालू आहे, फक्त दिसत नाही. पाचवा टप्पा करून थेट सहाव्याकडे जा. काही सेकंद चालू होऊन आपोआप बंद पडतो किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो: त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डेलमध्ये पिवळ्या-पांढऱ्या लुकलुकण्यांची संख्या आणि एचपीमध्ये कॅप्स लॉकची लुकलुक हे बिघाडाचे सांकेतिक आकडे असतात. मॉडेलच्या नावासह ते कंपनीच्या मदतपानावर शोधले की रॅम, प्रोसेसर की बॅटरी हे बऱ्याचदा कळतं. त्यानंतर तुम्हीही पाचव्या टप्प्यापासून पुढे जा.

३. भिंतीपासून सुरुवात

ज्या प्लगवर लॅपटॉप लावता त्याच प्लगवर टेबल लॅम्प लावून बघा. दुसऱ्या प्लगवर नव्हे, त्याच. स्पाइक बस्टर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून चार्जर थेट भिंतीत लावा. जुन्या बोर्डातली पितळी पट्टी खाऱ्या हवेने काळवंडते आणि सैल होते. लॅम्प लागतो पण पिन हलवली की लुकलुकतो, अशा प्लगवर चार्जर लावून ठेवू नका, वायरमन बोलवा.

आता कागदावरची ती ओळ बघा. आदल्या रात्री वाऱ्यात फांदी तारेवर पडली होती का? दिवे अचानक फार तेज झाले होते का? टीव्ही, राउटर, पंख्याचा रेग्युलेटर यांपैकी आणखी काही गेलं का? न्यूट्रलची (परतीची) तार तुटली की २३० व्होल्टच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. अशा वेळी बहुधा पहिला मार चार्जर खातो आणि लॅपटॉप वाचतो. म्हणजे घरातल्या इतर वस्तूही गेल्या असतील तर मदरबोर्डाची काळजी करण्याआधी चार्जरवर संशय घ्या. आणि वायरमनने दाब मोजून दिल्याशिवाय नवा चार्जर त्या घरात लावू नका.

विजेचा कडकडाट झालेला असेल तर एक आणखी प्रश्न: लॅपटॉपला नेटची तांब्याची केबल लावलेली होती का? मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये लोक चार्जर आठवणीने काढतात आणि राउटरकडून आलेली केबल तशीच ठेवतात. दाब तिच्यातूनही येतो. ही गोष्ट दुकानात सांगितली तर तंत्रज्ञ नेमका भाग आधी तपासतो.

एक जाता जाता. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला बोट लावलं की मुंग्या येतात, ही तक्रार इथे एप्रिल-मेमध्ये फार. जांभ्याची जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो. त्या खड्ड्यात पाणी घाला, अर्थिंग तपासून घ्या, आणि तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरने लावणं बंद करा.

४. चार्जर आणि त्याचा पोर्ट

चार्जरच्या मधल्या चौकोनी ठोकळ्यातून निघून भिंतीकडे जाणारी वायर सुटी होते. तिचं टोक काढून पुन्हा घट्ट बसवा. पुष्कळ ‘मेलेले’ लॅपटॉप इथेच उठतात. वायर पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपा. माळ्यावरचे उंदीर नेमकी ही वायर कुरतडतात, आणि आतली तार तुटली तरी वरचं रबर कधी कधी अखंड दिसतं.

मग हे निरीक्षण करा. चार्जरवर दिवा असेल तर तो लॅपटॉपला न जोडता लागतो का? लागत नसेल तर चार्जर गेला. लागतो, पण लॅपटॉपला पिन लावताक्षणी विझतो? तर पिन लगेच काढा. लॅपटॉपच्या आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. पुन:पुन्हा लावून बघण्यात नुकसानच आहे, थेट आठव्या टप्प्याकडे जा.

मल्टिमीटर असेल तर तो डीसी २०० व्होल्टच्या खुणेवर ठेवा. २० च्या खुणेवर ठेवला तर २० व्होल्टचा चांगला चार्जरही मीटरवर नुसता ‘१’ दाखवतो आणि लोक तो फेकून देतात. गोल पिनच्या आतल्या बाजूला लाल, बाहेरच्या कडेला काळी सुई, दोन्ही एकमेकींना चिकटू न देता. १९.५ छापलेल्या चार्जरने साधारण १८.५ ते २०.५ च्या मध्ये आकडा दाखवावा. टाइप-सी चार्जर असा मोजता येत नाही. तो समोर लॅपटॉप आहे हे ओळखल्यावरच वीज सोडतो, त्यामुळे रिकाम्या टोकावर शून्य दिसलं तरी तो चांगला असू शकतो.

दुसरा चार्जर लावून बघायचा तर व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तितकेच किंवा जास्त. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही. डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या मधोमध बारीक सुई असते, ती चार्जरची ओळख पटवण्यासाठी. ती वाकली किंवा तुटली की बॅटरी चार्ज होणं थांबू शकतं. टाइप-सीवाल्यांनी मोबाइलचा चार्जर लावून निष्कर्ष काढू नये. लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ वॅट लागतात, आणि काही लॅपटॉप दोनपैकी एकाच टाइप-सी पोर्टातून वीज घेतात.

पोर्टात टॉर्च मारा. आत हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती गंजाची. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत मला ती नेहमी दिसते. चार्जर काढलेला असताना कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. सुई, सेफ्टी पिन किंवा गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा आत नको.

> तपासा: पिन लावून हलवली की चार्जिंगचा दिवा येतो-जातो? मग बिघाड बहुधा पोर्टाच्या सांध्यात, नाहीतर चार्जरच्या वायरमध्ये आहे. पिन तिरकी धरून काम चालवू नका, सांधा तापून भोवतालचं प्लास्टिक वितळतं.

५. साठलेली वीज सोडा, मग धीर धरा

चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर काढा. पॉवर बटण सलग तीस सेकंद दाबून धरा. मध्येच सोडलं तर पुन्हा मोजा. आता बॅटरी न लावता फक्त चार्जर लावून बटण एकदा दाबा. चालू झाला तर दोष बॅटरीचा, नाहीतर नुसत्या साठलेल्या विजेचा. ज्यांची बॅटरी आत आहे त्यांनीही तीस सेकंद धरायचं. काही लेनोव्हो आणि एसर मॉडेलांच्या तळाला रीसेटचं बारीक छिद्र असतं, त्यात कागदाची क्लिप सरळ करून हलकेच दाबा. त्या छिद्राशेजारी बॅटरीचं किंवा रीसेटचं चिन्ह आहे याची खात्री करा. माइकचं छिद्रही तसंच दिसतं. मॅकबुकचं पॉवर बटण दहा सेकंद धरून सोडा आणि मग पुन्हा एकदा दाबा.

तरीही काही नाही, तर चार्जर लावून अर्धा तास लॅपटॉपला हात लावू नका. चाकरमान्यांच्या बाबतीत हा टप्पा फार महत्त्वाचा आहे. मेमध्ये गावच्या घरात ठेवलेला लॅपटॉप गणपतीला काढला की बॅटरी इतकी रिकामी झालेली असते की सुरुवातीला ती अगदी संथ चार्ज होते, आणि कधी कधी दिवासुद्धा दाखवत नाही. दर दोन मिनिटांनी बटण दाबलं तर जमलेली थोडी वीजही तिथेच खर्च होते. अशा लॅपटॉपला मी एक तास देतो.

> इशारा: टचपॅड वर आलेला, तळ टेबलावर सपाट न बसणारा, झाकण मिटत नाही, तर बॅटरी फुगलेली आहे. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, गादीवर किंवा कागदांवर ठेवू नका. कुरिअरने पाठवू नका. स्वतः नेऊन द्या.

६. चालू आहे, पण पडदा काळा

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरकी टॉर्च मारा. अक्षरं किंवा चिन्हं पुसट दिसली तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. तिथे चित्र आलं तर बोर्ड ठीक, बिघाड पडदा किंवा त्याच्या पट्टीच्या केबलमध्ये. डेटा त्याच वेळी टीव्हीवर बघत पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

एक छोटी गोष्ट. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकाने कळतं. चुंबकी झाकणाचं मोबाइल कव्हर किंवा चुंबकी पट्ट्याचं घड्याळ कीबोर्डच्या कडेला असेल तर लॅपटॉप स्वतःला मिटलेला समजून झोपतो.

७. उघडायचा असेल तर

वॉरंटी नाही, तळाचे स्क्रू साधे चौफुली आहेत, आणि हात स्थिर आहे, तरच. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो बोर्डात घुसतो. ही चूक मी इतकी पाहिली आहे की स्क्रूंचा क्रम हा मला या टप्प्याचा गाभा वाटतो.

तळ निघाल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवा, नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने. ते होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. मग बघा: मुंग्यांचं वारूळ, मेलेली पाल, हिरवे डाग, जळका वास. यांतलं काही दिसलं तर फोटो काढून झाकण लावा, पुढचं काम तंत्रज्ञाचं.

काही दिसलं नाही तर रॅम, म्हणजे मेमरीची सुटी पट्टी. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ढकला, पट्टी तिरकी उठेल, ती काढा. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर घासण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण मी ती टाळतो. सोन्याचा मुलामा आधीच पातळ, तो घासला गेला की आपल्या हवेत खालचा धातू लवकर गंजतो. पट्टी तिरकी घालून खाली दाबा, दोन्ही खिट्ट्या टक् वाजल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बॅटरी जोडा, चार्जर लावा, बटण दाबा. पडदा काळा राहिला तरी लगेच बंद करू नका. रॅम हलवल्यावर, विशेषतः ती डीडीआर ५ या नव्या प्रकारची असेल तर, पहिल्या वेळी ओळख पटवायला काही मिनिटं लागू शकतात.

८. दुरुस्तीला देताना

इथपर्यंत येऊनही लॅपटॉप मृत असेल तर बिघाड बोर्डावर आहे असं धरून चाला. जवळच्या दुकानात ‘चिप लेव्हल’चं काम, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग दुरुस्त करणं, होतं का, हे फोनवर विचारूनच निघा. नाहीतर कुडाळहून कोल्हापूरला, रत्नागिरीहून पुण्याला असा तो हातोहात फिरतो आणि प्रत्येक हातात एकदा उघडला जातो.

निघण्याआधी दोन कामं. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंद असते, आणि बोर्ड बदलला की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती उतरवून घ्या. आकडे लिहिलेला कागद घरीच ठेवायचा, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. दुसरं, एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) सुटी निघणारी असेल तर ती काढून घेऊन बाकीचं मशीन देता येतं का ते विचारा. बोर्डाच्या दुरुस्तीला ती लागत नाही.

सोबत तुमचाच चार्जर द्या, आणि पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, रॅम किती, एसएसडी किती हे लिहून घ्या. ओल लागली असेल तर लपवू नका. ‘काही नाही सांडलं’ असं सांगितलेला लॅपटॉप कोरडा समजून तपासला जातो, आणि त्या तपासणीत त्याला पुन्हा वीज दिली जाते.

परत घेताना दुकानातच तीन गोष्टी करून बघा: चार्जर लावून चालू, चार्जर काढून दहा मिनिटं बॅटरीवर चालू, आणि पूर्ण बंद करून थंड झाल्यावर पुन्हा चालू. तिसरी टाळायला सांगतील, कारण तिला वेळ लागतो. तोवर समोर चहा घ्या, पण ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊन निघू नका.